अंकुशरावांच्या खात्यात मेलबर्नहून आलेले पैसे

"मॅडम, पैसे माझ्या पोराचे, खातं माझं. मंग मधात बँक कशाला अडून बसली?"

अंकुशराव माझ्या टेबलासमोर उभे होते. खुर्ची पुढे केली तरी बसेनात. त्यांच्या पत्नी शांताबाई मात्र बसल्या होत्या, पण एक शब्द बोलत नव्हत्या. काउंटरच्या रांगेतली माणसं काम विसरून आमच्याकडे बघत होती.

मी जालन्यातल्या एका बँकेत फॉरेन एक्स्चेंजचं टेबल सांभाळते. नाव भारदस्त आहे, काम साधं. परदेशातून येणारा आणि परदेशात जाणारा पैसा माझ्या हाताखालून जातो. आमच्याकडे येणाऱ्या रकमा बहुतेक लहान असतात. कोणाचा मुलगा आखातातून घरखर्चाला पाठवतो, कोणाची मुलगी आईच्या औषधाला. अंकुशरावांच्या खात्यात मेलबर्नहून आलेली रक्कम एक कोटीच्या वर होती. वडीगोद्रीला हायवेवर त्यांचं खत-बियाणांचं दुकान होतं. ते बंद करून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून खात्यात किरकोळ जमेशिवाय काही हालचाल नव्हती.

अशा खात्यात अचानक एवढा पैसा आला की आमचा मुंबईचा डेस्क तो थांबवतो. याला आम्ही होल्ड म्हणतो. पैसा कुठे जात नाही, फक्त तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत खातेदाराला मिळत नाही. पाठवणारा कोण, त्याच्याकडे पैसा आला कुठून, आणि इथे कशासाठी पाठवला. शेवटच्या प्रश्नाला पर्पज कोड असतो. घरखर्चाचा वेगळा, भेटीचा वेगळा. पाठवणाऱ्याने एक सांगायचं आणि घेणाऱ्याने दुसरं, असं चालत नाही.

इथे नेमकं तेच झालं होतं. तिकडच्या बँकेच्या मेसेजमध्ये कुटुंबाचा घरखर्च असं आलं होतं. अंकुशरावांनी प्लॉट खरेदी आणि बांधकाम असं लिहून दिलं होतं.

"घरखर्चाला कोण कोटभर रुपये पाठवतं?" ते मला म्हणाले. "बदनापूर रोडला प्लॉट धरलाय. इसार देऊन बसलोय. पुढच्या महिन्यात रजिस्ट्री न्हाई झाली तर इसार बुडतो. खाली आम्ही राहू, वरचा मजला प्रशांतचा. तो कायमचा येणार हाये आता."

इसार म्हणजे सौदा पक्का करायला आधी दिलेली रक्कम. खरेदीदाराने वेळ चुकवली की ती गेली.

त्यांना कसंबसं घरी पाठवलं, तर मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मार्च एंड जवळ आला होता.

"क्वेरी क्लोज करा. एवढं डिपॉझिट शेजारच्या बँकेत गेलं तर मी वर काय सांगू?"

"सर, सोर्सचे पेपर नाहीत."

"मग मुलाला फोन करा. पेपर मागवा. आजच."

मी फोन लावला. प्रशांत तिथे एका कंपनीत इंजिनिअर होता. लग्न झालं होतं, टिकलं नाही, मूलबाळ नव्हतं. हे सगळं अंकुशरावांनी न विचारताच सांगितलं होतं. त्याचा आवाज शांत होता. मी नेहमीचा प्रश्न विचारला, की पैसा कशातून आला.

"रिटायरमेंट फंड आहे, मॅडम."

त्या देशात पगारातून कापलेल्या या फंडाला म्हातारपणापर्यंत हात लावता येत नाही, एवढं मला माहीत होतं. याचं वय चाळिशीच्या आतलं. मी विचारलं, मग आता कसा मिळाला?

तो म्हणाला, "डॉक्टरांनी लिहून दिलं की देतात. फार दिवस राहिले नाहीत असं लिहून दिलं की. पेपर पाठवतो. पण वडिलांना कळू देऊ नका."

या नोकरीत मी भांडणं ऐकली आहेत, शिव्या ऐकल्या आहेत. पण असं उत्तर पहिल्यांदाच ऐकलं. शेवटी कामाचंच बोलले. तुमच्या वडिलांनी प्लॉटसाठी म्हणून लिहून दिलंय, म्हटलं.

"प्लॉट? मी तर म्हटलं होतं एफडी करा, व्याजावर घर चालेल." आणि मग एकदम घरच्या बोलीत, "अप्पा ऐकायचे न्हाईत कुणाचं."

"तुम्हीच सांगा ना त्यांना खरं काय ते."

"रोज फोन हातात घेतो, मॅडम. दिवाळीला येतो म्हणून सांगून बसलोय."

कागद संध्याकाळपर्यंत आले. मी ते मुंबईला पाठवले. कोडसाठी पाठवणाऱ्याचं कारण धरतात, पुढे पैसा कसा वापरायचा ते खातेदाराचं, असं सांगून अंकुशरावांकडून घरखर्चासाठी असं नवीन पत्र घेतलं. मुलाने आईवडिलांना दिलेल्या पैशावर इथे कर लागत नाही, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. होल्ड उठला, पैसे जमा झाले. बँकेच्या दृष्टीने माझं काम संपलं होतं.

तरी मी अंकुशरावांना बसवून घेतलं. म्हटलं, सगळे पैसे मातीत घालू नका. अर्धे तरी एफडीत ठेवा, दर महिन्याला व्याज येईल.

ते हसले. "मॅडम, तुम्हाला टार्गेट असतंय, मला माहीत हाये. आमचा पोरगा येणार हाये. तो कमावता हाये. आम्हाला व्याज घेऊन काय करायचं?"

मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. दोन माणसांचं उरलेलं सगळं आयुष्य या एका रकमेवर होतं आणि ते विटांचा भाव काढत होते. खरं सांगितलं असतं तर ते क्षणात थांबले असते. पण ग्राहकाच्या कागदातलं बाहेर बोलायचं नाही, ही या नोकरीची अट आहे, आणि मुलाने तर हात जोडावे तसं सांगितलं होतं. मी गप्प बसले.

दोन दिवसांनी शांताबाई एकट्या आल्या. एसटीने आल्या होत्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही प्रशांतला फोन केल्ता ना? मला माहीत हाये सगळं. त्यानं मला मागंच सांगल्तं."

त्या दिवशी नवऱ्याशेजारी बसून प्लॉटच्या गप्पा ऐकणारी ही बाई सगळं जाणून बसली होती.

"मग काकांना?"

"त्यांना न्हाई सांगायचं. सांगितलं तर हे आजच मरतील. प्लॉट घेऊ द्या. भिंती उभ्या राहूस्तोर पोरगा येणार हाये त्यांच्यासाठी." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "पण समदा पैसा त्यात जाऊ द्यायचा न्हाई. मी ह्यांना सांगणार हाये, प्रशांत दुसरं लग्न करणार म्हणून. लग्नासाठी पैसे बाजूला ठेव म्हणला, असं सांगते. तेवढं ऐकतील बिलकुल. तुम्ही फक्त मधी काही बोलू नका."

त्यांनी माझ्याकडे एवढंच मागितलं. मी मान हलवली.

पुढच्याच आठवड्यात अंकुशराव आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन. मॅनेजरसाहेबांना, शिपायाला, काउंटरवरच्या पोरींना, सगळ्यांना पेढा. "पोरानं मन बदललं हो, मॅडम. मी तर आशाच सोडल्ती. हिनंच कसं काय वळवलं देव जाणे. तुमचंच खरं झालं, अर्धे ठेवा एफडीत. लग्नाला लागतील."

मी फॉर्म काढला. ठेव दोघांच्या नावाने केली, पहिलं नाव शांताबाईंचं. व्याज दर महिन्याला शांताबाईंच्याच खात्यात. दोघांतलं कोणी मागे राहिलं तर पैसे त्याला बिनत्रासाचे मिळावेत, अशी सोय असते, तीही केली. शांताबाईंनी सही केली. त्यांचा हात स्थिर होता.

"लग्नाला यायचं बरं का," अंकुशराव जाताना म्हणाले.

मी "येते" म्हटलं. पेढा कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला.

मॅनेजरसाहेब खूश होते. त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये त्यांनी माझं कौतुकही केलं.

प्रशांत दिवाळीला आला नाही. डॉक्टरांनी विमानप्रवासाला परवानगी दिली नव्हती, अंकुशरावांना मात्र सुट्टी मिळाली नाही असं सांगण्यात आलं. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत तो गेला. अस्थी त्याच्या एका मित्राने आणल्या. तोपर्यंत खालचा स्लॅब पडला होता. वरच्या मजल्याचं काम तिथेच थांबलं.

अंकुशराव बँकेत आले ते बऱ्याच दिवसांनी. पासबुक हातात नव्हतं. यावेळी सांगायच्या आधीच खुर्चीत बसले.

"मॅडम, लग्नाचं खोटं होतं ना?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो, काका."

"आणि हिला तुमच्याही आधी."

वाटलं आता ओरडतील, तक्रार करतो म्हणतील. केली असती तर मला वाईट वाटलं नसतं. ते टेबलावर हात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "मंग मी एकटाच घर बांधत होतो."

उठून गेले. त्यानंतर ते कधी माझ्या टेबलाकडे आले नाहीत.

शांताबाई दर महिन्याला येतात. व्याजाचे पैसे काढतात, हिशोब बघतात, जातात. त्या व्याजावर दोघांचं नीट चालतं. "हे माझ्याशी बोलत न्हाईत," असं एकदा म्हणाल्या, आणि किराण्याला उशीर होतो म्हणून निघाल्या.

माझ्या हाताखाली नवीन ऑफिसर आला की मी त्याला एकच सांगते. परदेशातून मोठी रक्कम आली की ठेवीत आईचं नाव पहिलं घाला. तेवढ्याने दोन माणसांचं पोट भरतं. ती दोघं एकमेकांशी बोलतील, याची सोय आपल्या बँकेत नाही.