कंसातलं मस्कत

मस्कतहून कायमचा परत आलो त्याला आता दोन वर्षं होत आली, तरी गावाकडं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "कधी आलात? किती दिवस हाय मुक्काम?" सुरुवातीला मी हसून सांगायचो, "आता कायमचा आलोय." समोरचा मान डोलवायचा, "व्हय व्हय, लई चांगलं," म्हणायचा आणि लगेच विचारायचा, "मग परत कधी?" माझं डोकं तसंही लवकर तापतं. एकदा बसस्टँडवर एकाला म्हणालो, "मेल्यावर." तो बिचारा घाबरून मला चहा पाजायला निघाला.

आखाती देशाचं एक बरं असतं. म्हातारपणी इथं राहू का तिथं, असा घोळच नाही. नोकरी आहे तोवर व्हिसा, नोकरी संपली की खुदा हाफिज. मी तिथं मोठ्या इमारतींच्या एसी प्लँटवर फोरमन होतो. त्याआधी वाळूजच्या एका कंपनीत हेल्परी केली, बजाजनगरात एका खोलीत चौघं राहिलो आणि एका एजंटाच्या नादानं विमानात बसलो. गेलो तेव्हा औरंगाबादहून गेलो आणि आलो तो संभाजीनगरला उतरलो. मधल्या काळात पोरं मोठी झाली, आपापल्या वाटेनं गेली, माझे केस गेले आणि बायकोचा आवाज वाढला.

पण मस्कतला आम्ही रुबाबात राहिलो बरं का. पैशाचा रुबाब म्हणत नाही मी. कुणीही मराठी माणूस नवा आला की पहिली बॅग आमच्या घरी टेकायची. मंडळाच्या गणपतीला पुरणाचा घाट हिच्याकडं आणि वरणाची बादली माझ्याकडं. सगळ्यांची पोटं भरली की आम्ही चार-पाच जण हॉलच्या फरशीवर वर्तमानपत्रं अंथरायचो, आणि जे उरलं असेल ते एकमेकांच्या पानातलं उचलून खायचो. त्या जेवणाची चव कुठल्या हॉटेलात नाही मिळाली. म्हणजे बघा, परक्या मुलुखात आम्ही घरचे होतो आणि जिथं जन्मलो तिथं पाहुणे. परत येताना विमानात मी हिला म्हणालो होतो, "मला दुसरं काही नको. दादाच्या घरात मला घरच्यासारखं राहायचंय." ही म्हणाली, "बघू, जमतं का तुम्हाला."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. देवगाव रंगारीला शेती करतो. आमचा फ्लॅट शहरात, गाव गाडीनं दीड तासावर. मी दर पंधरवड्याला जायचो. गेलो की अंगणात माझ्यासाठी खुर्ची यायची. बाकी सगळे ओट्यावर, मी खुर्चीवर. पाणी बाटलीतलं, चहा बशीसकट, आणि कप असा की त्याचा कान शाबूत. वहिनी डोक्यावरचा पदर सावरून विचारणार, "भाऊजी, साखर बरोबर हाय ना?" आणि दादाला काही विचारा, एकच उत्तर, "सगळं मजेत." मी मस्कतला असताना दादाचा पाय मोडला होता, ते मला वर्षभरानं कळलं. बैल गेला ते असंच दुसऱ्याकडून. मी चिडून विचारलं तर म्हणाला, "चार घटका येतोस, तुला कशाला डोक्याला ताप?" अरे, भाऊ आहे का मी सर्कल अधिकारी?

एकदा घरी येऊन मी हिच्यापुढं सगळी भडास काढली. ही भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चूक तुमचीच आहे."

"माझी?"

"मग काय माझी? भावाच्या घरी जायचं तर आदल्या दिवशी फोन करता, 'उद्या आलो तर चालेल का?' जाताना खजुराचा डबा नेता. इस्त्रीचा शर्ट घालता. सहा वाजले की घड्याळ बघून उठता. त्यांनी तुम्हाला पाहुणा नाही म्हणायचं तर काय जावई म्हणायचं?"

"रिकाम्या हातानं कसं जायचं?"

"आणि तो खजूर तरी मस्कतचा आहे का? इथल्याच शहागंजातून आणता आणि जुन्या डब्यात भरता!"

मी तिच्यासोबत मेथीच्या काड्या वेगळ्या करायला बसलो. पण तिचं बोलणं मनाला लागलं. सुट्टीवर आलेल्या माणसाच्या सवयी अंगात मुरल्या होत्या. आम्ही परत आलो, पण सवयी अजून सुट्टीवरच होत्या.

मग पुतणीचं लग्न ठरलं. दादाची एकुलती एक पोरगी. मला कोण आनंद झाला! म्हटलं, आता कळेल चुलता काय असतो ते. तर एका दुपारी दादा आणि वहिनी रीतसर आमच्या फ्लॅटवर हजर. वहिनींनी हिला हळदकुंकू लावलं, दादानं माझ्या हातात अक्षता आणि पत्रिका दिली आणि म्हणाला, "यायचं बरं का सहकुटुंब." सख्ख्या भावाला आमंत्रण! घरच्या माणसाला कधी कुणी आमंत्रण देतं का? मी पत्रिका उघडली. निमंत्रकांत माझं नाव होतं, आणि नावापुढं कंसात छापलं होतं, मस्कत.

"दादा, हे मस्कत कशाला?"

"मग? तुझी वळख ती," दादा कौतुकानं म्हणाला. "सोयऱ्यांवर वजन पडतं."

ही तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. तिच्या हसण्याचा आवाज बाहेर येत होता.

ते गेल्यावर मी ठरवलं. लग्नाच्या आदल्या दिवशी फोन न करता गेलो. जुनी पँट, प्लँटवरचा विटका शर्ट, हात रिकामे. हीसुद्धा साधं लुगडं नेसून आली आणि आल्या आल्या बायकांच्या घोळक्यात अशी घुसली की तिला खुर्ची द्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मला मात्र मांडवाचा बांबू धरला की कुणीतरी सोडवून घ्यायचं. "काका, तुम्ही बसा." घागर उचलली, "काका, राहू द्या, कमर धरंल." झाडू घेतला तर एक म्हातारी ओरडली, "आरं, पाव्हण्याला झाडाया लावता व्हय रे?" दिवसभरात मला इतके चहा पाजले की पोटात नुसतं गुडगुड वाजत होतं.

लग्नाच्या दिवशी तर कहर झाला. अक्षता पडल्या आणि माईकवर मानपान सुरू झालं. आमच्याकडं मुलीकडची माणसं सोयऱ्यांना, गावातल्या मान्यवरांना टॉवेल-टोपी देतात. देतात, घेत नाहीत. मी दादाच्या शेजारी टोप्यांचा गठ्ठा घेऊन उभा राहायला निघालो होतो, तेवढ्यात माईकवाले गुरुजी गरजले, "सातासमुद्रापलीकडून खास या शुभकार्यासाठी आलेले मुलीचे काका... त्यांनी मंचावर येऊन सत्काराचा स्वीकार करावा!" समुद्र कसला? मी रिंगरोडवरून आलो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण टोपी घेऊन माझ्याकडं आला.

मी म्हणालो, "माझ्याच घरच्या लग्नात मलाच टोपी घालता का?"

त्याला वाटलं मी विनोद केला. तो हसला. मी नाही हसलो. टोपी त्याच्याच डोक्यावर ठेवली आणि तरातरा मांडवामागं निघून गेलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू? साठी उलटलेला माणूस टोपीवरून रडतो हे कुणाला दिसू नये एवढंच मनात होतं.

मांडवामागं स्वयंपाक चालला होता. आमच्या भागात लग्नाला वरण-बट्टी असते. गव्हाच्या भरड पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, फोडून तूप सोडायचं, वर वरण आणि वांग्याची भाजी. आरापाशी एक जण धुरानं डोळे पुसत बसला होता. मी म्हटलं, "ऊठ, मी बघतो." त्याला माझी ओळख नव्हती, तो आनंदानं उठला. मी बसलो. पहिल्या दोन खेपा सुरेख निघाल्या, तांबूस, खरपूस. मला हुरूप आला. शेजारी कणीक मळणाऱ्या बायकांना मी सांगायला लागलो की मस्कतला आम्ही ओव्हनमध्ये बट्ट्या कशा करायचो, शेकडो माणसं कशी बोटं चाटायची. बोलण्याच्या नादात आराकडं पाठ कधी झाली कळलंच नाही. आधी वास आला. मग धूर. वळून बघतो तर आख्खी खेप कोळसा.

आणि नेमक्या तेव्हाच वहिनी तिथं आल्या.

त्यांनी आराकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. पदर खोचला आणि सुटल्या. "आवो भाऊजी, अक्कल हाय का नाय? वऱ्हाडाची पंगत बसायला आली अन् हे काय करून ठिवलं? ध्यान कुठं व्हतं तुमचं? बोलायला नुसते पुढं, अन् कामाच्या नावानं बोंब! लहानपणापासून असेच हाव तुम्ही, दूध राखाया बसवलं तर मांजराला पाजून मोकळे!"

कणीक मळणारे हात थांबले. वहिनींच्याही मग ध्यानात आलं की आपण कुणाला बोललो. त्यांनी जीभ चावली. पण मी हसत सुटलो होतो. नव्या नवरी असताना, हिरव्या चुड्यातल्या वहिनी मला असंच झापायच्या. मी परदेशी गेलो आणि ते बंदच झालं होतं. मी म्हटलं, "वहिनी, आणखी बोला. थांबू नका."

"येडं लागलं काय तुम्हाला?" त्याही हसल्या. "उभे काय राहिलात मग? ती वरणाची बादली उचला. वाढायला माणूस कमी हाय."

मग काय विचारता! बादली हातात आली आणि माझे गुडघे वीस वर्षांनी तरणे झाले. पंगतीतून चाललो, "वरण घ्या वरण, गरम वरण!" कुणी पानावर हात आडवा धरला की बोटांच्या फटीतून हळूच धार सोडायची. आग्रहाची ती जुनी खोडी हात विसरला नव्हता. नवरदेवाच्या मामाला तर इतकं वाढलं की तो हात जोडून म्हणाला, "बास करा राव, जीव घेता का?" त्याच्या शेजारचे एक गृहस्थ बोट चाटत मला म्हणाले, "वरण झकास हाय. तुम्ही कुठले केटरिंगवाले? आमच्याकडं वैशाखात कार्य हाय, नंबर देऊन ठिवा."

मी घाम पुसत म्हणालो, "मी मुलीचा चुलता." सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी मला मस्कतशिवाय ओळखलं होतं, भले केटरिंगवाला म्हणून का होईना. मला त्याची गळाभेट घ्यावीशी वाटली.

उन्हं कलली. पाठवणी झाली. पुतणी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्या गळ्यात पडली तेव्हा माझा वरणानं माखलेला शर्ट तिच्या शालूला लागला, वहिनी मागून "शालू, शालू!" ओरडल्या, आणि पोरगी रडता रडता खुदकन हसली. गाडी गेली. वऱ्हाड गेलं. मांडवात फुलांचा कचरा आणि आम्ही घरचे तेवढे राहिलो. कुणाच्याच पोटात सकाळपासून अन्न नव्हतं.

मग बसली शेवटची पंगत. खुर्ची कुणी आणली नाही. मी दादाला लागून जमिनीवर मांडी घातली, गुडघा कुरकुरला, त्याला म्हटलं गप बस. भाजी संपली होती. वरण तळाचं, घट्ट झालेलं. ही आणि वहिनी समोर बसून एकाच ताटात जेवत होत्या आणि माझीच टिंगल करत होत्या.

दादा मात्र जेवत नव्हता. दिवसभर हा माणूस पाहुण्यांपुढं ताठ उभा होता, हसत होता, हात जोडत होता. पाठवणीलाही त्यानं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आता त्यानं घास उचलला आणि तो हातातच राहिला. खांदे हलायला लागले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर त्यानं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि हमसून हमसून रडला. माझ्या उभ्या जन्मात मी दादाला रडताना पाहिलं नव्हतं. मग मलाही आवरेना. दोघं म्हातारे उष्ट्या हातांनी रडत बसलो.

थोड्या वेळानं त्यानं बाहीला डोळे पुसले आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "एक सांगू का? सोमवारी माझं डोळ्याचं ऑपरेशन हाय. तुझ्याच शहरात, दवाखान्यात. मोतीबिंदू. लोक म्हणत्यात काय नसतं त्यात, पण मला लई भ्या वाटतंय रे. लग्नाच्या घाईत घरात कुणाला बोललो नाय. तू येशील संगं?"

कुणालाच नाही सांगितलं. मला सांगितलं. मी नुसती मान हलवली आणि त्याचा हात घट्ट दाबला.

"कसलं ऑपरेशन?" समोरून वहिनींचा आवाज आला. त्यांचे कान भारी तिखट. "काय खुसुरफुसुर चाललंय? भाऊजी, तुम्ही सांगा. तुम्हाला ठाव हाय अन् मला नाय? दोघं भाऊ मिळून काय लपवताय माझ्यापासून?"

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी वरणात बट्टी कुस्करली. वहिनी बोलायच्या थांबेनात, हीसुद्धा त्यांच्या बाजूनं सुरू झाली, आणि आम्ही दोघं भाऊ खाली माना घालून, मांडीला मांडी लावून, पोटभर बोलणी खात जेवलो.