वळणावरची हाक

डिचोलीच्या वरच्या डोंगरात धनगरांची चार घरं आहेत. तिथं आम्हा सहा पाहुण्यांना घेऊन गेलेल्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही, याची आता लाज वाटते. कमरेला कोयता, पायांत रबरी चपला आणि चाल अशी की मागे आम्ही धापा टाकत होतो. घरं दिसू लागली त्या वळणावर त्या थांबल्या आणि त्यांनी हाक दिली, "येव काय गे?" वरून "येवा" असं आलं, तेव्हाच त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.

अंगणात गाऊन घातलेली एक म्हातारी चुलीपाशी नाचणीची भाकरी थापत होती. आमच्यातल्या एका गृहस्थाने कॅमेरा काढला, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. बाईंना म्हणाला, "हिला जुनं लुगडं नेसून बसायला सांग ना. एवढं चढून आलो ते गाऊन बघायला?"

माझं डोकं फिरलं. पण मी काही बोललो नाही, आणि बाकीचेही गप्प.

बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "लुगडं ती देवाच्या जत्रेक नेसता. तुमी कोण लागून गेलात?"

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना परत वळणापर्यंत खाली आणलं. तिथून पुन्हा हाक दिली, "येव काय गे?"

वरून भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत राहिला. बाई बराच वेळ कान देऊन उभ्या होत्या.

"मेळलो जबाब," म्हणाल्या आणि डोंगर उतरू लागल्या.

तो जबाब त्या कॅमेरावाल्या एकट्यालाच नव्हता.