उताराची वाट

"पाय आहेत न्हवं? मग चल की!" असं म्हणून काकू छत्रीचं टोक जमिनीवर आपटायच्या. अशी बाई तुमच्याही शेजारी कधी राहिली असेल. माझ्या शेजारी ती राहिली आयर्लंडमध्ये, ड्रोहेडा गावात.

मी ज्यांच्याकडे कामाला होते त्या ताईंना कंपनीने दीड वर्षासाठी तिकडे पाठवलं, तेव्हा बाळ सांभाळायला मला पुण्याहून नेलं. निघताना ठरलं होतं, रविवारची दुपार माझी. तिथे गेल्यावर ताई म्हणाल्या, "तुला इंग्रजी येत नाही, हरवशील. घरीच थांब." सात महिने मी ते गाव खिडकीतून पाहिलं. दहा मिनिटांवर नदी होती, तीही पाहिली नव्हती. आजही आठवलं की अंगाची आग होते.

काकू शेजारच्या इंजिनियरच्या आई, कऱ्हाडकडच्या. मुलाकडे आल्या आणि कोरोनात विमानं थांबल्याने अडकल्या. एका रविवारी दारात येऊन ताईंना म्हणाल्या, "हिला जरा नेते." विचारलं नाही, सांगितलं.

इंग्रजी दोघींनाही येत नव्हतं. काकूंनी रांगोळीची डबी घेतली होती. प्रत्येक वळणावर खांबाशी एक ठिपका. "येताना हेच बघत यायचं."

दुकानं बंद, रस्ते ओस. दोन बुरुजांची उंच जुनी वेस पाहून काकू थबकल्या. "वेस झ्याक हाय, पण मारुती कुठाय?" मी किती दिवसांनी मोठ्याने हसले!

तेवढ्यात पाऊस आला. सगळे ठिपके गेले. काकूंनी एका म्हाताऱ्याला मराठीतच रस्ता विचारला. तो हसून "ग्रँड, ग्रँड" म्हणाला; तिकडे कशालाही 'छान, छान' म्हणायची ती रीत. "हरवलो तरी ह्याचं ग्रँडच!" काकू म्हणाल्या. मग छत्री आपटली. "पाणी जातंय तिकडं चल. उताराला नदी, नदीला पूल, पुलावरनं घराची वाट."

तसंच झालं. फक्त तासभर उशीर झाला.

ताई दारातच उभ्या होत्या. "तुला इथे फिरायला आणलंय का?"

"ती माणूस हाय, सामान न्हवं," काकू म्हणाल्या.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला जायचं होतं, की यांनी ओढून नेलं?"

मी खाली मान घालून म्हणाले, "काकूंनी नेलं."

काकू "बरं" म्हणाल्या आणि ओली छत्री मिटून निघून गेल्या. पुन्हा मला न्यायला आल्या नाहीत. विमानं सुरू झाल्यावर गावी गेल्या. जाताना रांगोळीची डबी आमच्या पायरीवर ठेवून गेल्या.

ताईंचा राग आहेच. पण त्या दोन शब्दांसाठी स्वतःचा जो राग येतो, तो त्याहून मोठा.

काकू गेल्या, त्याच्या पुढच्या रविवारी बाळ झोपल्यावर मी बूट घातले आणि बाहेर पडले. डबी घेतली नाही. उतार धरला, नदी पाहिली, परत आले.

"कोणी नेलं होतं?" ताईंनी विचारलं.

"कोणी नाही. मलाच जायचं होतं."

हे बोलताना मी शेजारच्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं.