आप्पांनी पाहिलेला यंत्रमानवांचा सिनेमा

वडिलांना, म्हणजे आप्पांना, मला एक गोष्ट सांगायची होती आणि घरी ते जमत नव्हतं. म्हणून रविवारी दुपारी त्यांना उधन्यातल्या थिएटरला घेऊन गेलो. यंत्रमानव आपल्याच कारखान्यात बंड करतात, असा तो सिनेमा होता.

आप्पांनी तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. त्या खडखडाटात कान गेले, पण समोरच्याचे ओठ बघून त्यांना सगळं कळतं. हा सिनेमा मात्र हिंदीत डब केलेला. पडद्यावरचे ओठ इंग्रजीत हलत होते. दहा मिनिटांत आप्पांनी माणसांचा नाद सोडला आणि यंत्रमानवांच्या हातांकडे बघू लागले.

मध्यंतरात ते यंत्रमानवांबद्दल अहिराणीत म्हणाले, "त्यासनं काय चुकनं? बठ्ठं, सगळं काम तं तेच करतस."

"आप्पा, त्या व्हिलन शेतस. हिरो तो इंजिनिअर शे."

"तो? त्याना हातले तं तेलबी लागेल नही."

शेवटी इंजिनिअरने एक कळ दाबली. रांगेतले यंत्रमानव जागच्या जागी कोसळले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आप्पा मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

बाहेर चहाच्या टपरीवर मी सांगून टाकलं. ज्या कारखान्यातून शेठनी त्यांच्या सगळ्या पाळीला महिन्यापूर्वी घरी पाठवलं, तिथे उद्यापासून ऑटोमॅटिक मशीनं बसणार होती. ती बसवणाऱ्या कंपनीचा फिटर मी. मी नाही म्हणालो असतो तर कंपनीने दुसऱ्याला पाठवलं असतं, हेही सांगितलं. सांगताना माझं मलाच ते लंगडं वाटलं.

आप्पा माझ्या ओठांकडे बघत होते.

"माले माहीत व्हतं. शेठनी सांगेल व्हतं. तू कव्हय सांगस, तेच देखत व्हतू."

त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "तो इंजिनिअर मंग घर जाईसन झोपना का? पिच्चरमा ते देखाडं नही."

सोमवारी मी कामावर गेलो. भंगारवाले जुने लूम घणाने फोडून टेम्पोत भरत होते. मी त्यांना वळसा घालून आत शिरलो.

आठवड्याने पहिलं मशीन सुरू झालं, त्या दुपारी आप्पा फाटकाशी आले. वॉचमनने ओळखून आत सोडलं. मशीनजवळ उभे राहून त्यांनी उतरणाऱ्या कापडावर तळवा ठेवला. एकही धागा तुटलेला नव्हता.

"कापड चांगलं शे," ते म्हणाले. मग आजूबाजूला पाहिलं. "आठी कितला मानसं राहतीन?"

मी एक बोट वर केलं.

त्यांनी मान हलवली, तळवा धोतराला पुसला आणि चालत निघाले. घरी सोडायला जावं, असं फार वाटलं. पण ट्रायल सुरू होती आणि शेठ बघत होते. मी पाना उचलला.