मागे न बघणारा माणूस

आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मालकीणबाईंची गाडी बावीस वर्षं एकाच माणसाने चालवली. त्याला सगळे मौनी म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण मला सोडलं तर ते कुणाच्या लक्षात नसे. मौनी काही मुका नव्हता. चहाच्या टेबलावर निवडणुकीपासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्या विषयांवर तो तावातावाने बोलायचा. मात्र गाडीत मागे काय झालं असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे.

"मागे सीट आहे. रंग करडा."

त्यापुढे ब्र नाही.

त्याची एक पद्धत होती. बाई मागे बसल्या, दार लागलं, की तो समोरचा आरसा छताकडे वळवायचा. मागची वाहनं बघायला बाजूचे दोन आरसे पुरतात, असं त्याचं म्हणणं. मी नियमाने चालणारा माणूस. एकदा मी त्याला म्हणालो, "मौनी, हे नियमात बसत नाही हं."

"साहेब, तुमचे नियम रस्त्याचे. गाडीच्या आतले नियम माझे."

मालक गेले त्या वर्षी बाई रोज सकाळी कारखान्याच्या पायऱ्या चढायच्या तेव्हा चेहरा कोरडा असायचा आणि हातातला रुमाल ओला. पुढे मुलाशी बिनसलं, तो परदेशी निघून गेला. मग डॉक्टरांचे फोन सुरू झाले. हे सगळं त्या करड्या सीटवर झालं. मौनीने ते ऐकलं, पण पाहिलं नाही, आणि सांगितलं तर अजिबातच नाही. मी ऑफिस सुपरिंटेंडंट, बाईंच्या सगळ्या फाइली माझ्या कपाटात. तरी मौनीला बाईंबद्दल जे ठाऊक होतं ते माझ्या एकाही फाइलीत नव्हतं. ते मला खुपायचं. निवृत्तीला आता सात महिने राहिलेत, त्यामुळे हे लिहायला हरकत नाही.

खुपण्याच्या बाबतीत मौनी मात्र माझ्या दहा पावलं पुढे होता. पुतणीच्या लग्नासाठी तो चार दिवस रजेवर गेला, तेव्हा गोदामातल्या ड्रायव्हरने गाडी चालवली. परत आल्या आल्या मौनी माझ्या टेबलाशी उभा.

"त्याने आरसा वर केला होता का?"

"मी काय गाडीत बसलो होतो?"

"बाई बोलल्या का त्याच्याशी?"

"डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, एवढं म्हणाल्या असतील."

"डावीकडे घ्या?" मौनीचा चेहरा फुलला. "मला बावीस वर्षांत कधी सांगावं लागलं नाही." पुढचे दोन दिवस तो खुशीत होता.

मग नवी गाडी आली. स्वतःची स्वतः चालणारी. परवानाधारक माणूस पुढे बसलेला हवा आणि त्याची नजर रस्त्यावर हवी, एवढाच काय तो कायदा. बाकी वळणं, ब्रेक, सिग्नल सगळं गाडी बघणार. मौनीच्या हाताखाली चाक आपोआप फिरायचं. पहिल्या दिवशी बाईंना घरून घेऊन आल्यावर तो म्हणाला, "साहेब, ताटाशी मी बसलोय आणि जेवतंय दुसरंच कुणीतरी."

त्याहून वाईट म्हणजे ती गाडी बोलायची. बायकी आवाजात. सुरुवातीला बाई तिला कामापुरतं सांगायच्या. पंधरा दिवसांत त्यांची गट्टी जमली.

"गारवा जरा कमी कर गं," बाई म्हणायच्या.

"केला. अजून कमी करू?"

"कर. तू तरी विचारतेस." आणि बाई हसायच्या.

हे मला मौनीनेच सांगितलं. गाडीतली गोष्ट त्याने बाहेर सांगितली ती ही पहिलीच. ती सांगताना त्याच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. मी म्हणालो, "अहो, तुम्हीही विचारायचं, अजून कमी करू का म्हणून."

"मला न विचारता कळतं! मी कधीच कमी करून ठेवलेला असायचा. विचारणार काय, कपाळ?"

त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. त्या एकदा डबा द्यायला आल्या, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "घरात काही नाही, पण नोकरीत सवत आलीय ह्यांना. झोपेत म्हणतात, डावीकडे कसली वळतेस!" सगळं ऑफिस हसलं. मौनी हसला नाही.

दोन महिन्यांनी गाडीच्या कंपनीचा तंत्रज्ञ तपासणीला आला. समोरच्या आरशाच्या वर एक काळा, वाटाण्याएवढा डोळा होता. मौनीने त्याबद्दल विचारलं. तंत्रज्ञ घाईत होता. "कॅमेरा आहे काका. आतलं बघतो," एवढं बोलून तो निघून गेला.

मौनी तडक माझ्याकडे आला. "साहेब, ती बया बाईंकडे टक लावून बघते."

"कोण बया?"

"गाडी! बावीस वर्षं मी मान वळवली नाही आणि ही आल्या दिवसापासून डोळे फाडून बसलीय. बाईंना काही खाजगी आहे की नाही? काढा तो डोळा."

मुद्दा बिनतोड होता. मी म्हणालो, "लेखी द्या, पुढे पाठवतो."

त्याने सांगितलं, मी लिहिलं. मागच्या सीटवर बसणाऱ्या व्यक्तीचं खाजगीपण राखणं हे गाडीचं पहिलं कर्तव्य असून सदर कॅमेरा तात्काळ काढावा, असा मजकूर. खाली मौनीने ठळक सही केली. आमच्याकडे पद्धत अशी की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत बाईंच्या टेबलावर जाते आणि त्याचं उत्तरही आधी तिथेच उघडतं. त्याप्रमाणे प्रत गेली. मौनीला याचा आनंदच झाला. त्याच्याइतकी बाईंची काळजी कुणाला आहे, ते बाईंना परस्पर कळणार होतं.

बाराव्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. मौनीने जाताना केस नीट केले.

बाईंनी चष्मा लावून कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. कॅमेरा गाडीच्या आत बघतो हे खरं. पण तो फक्त पुढे बसलेल्या चालकाचे डोळे बघतो, नजर रस्त्यावर आहे की नाही ते नोंदवण्यासाठी. मागच्या सीटचं चित्रण होत नाही. आपल्या समाधानासाठी दोन महिन्यांचा अहवाल सोबत जोडला आहे. चालकाची नजर रस्ता सोडून आरशातून मागच्या सीटकडे गेली, चारशे अकरा वेळा. बहुतेक वेळा मागील प्रवासी गाडीशी बोलत असताना.



मी म्हणालो, "बाई, यंत्र आहे. चुकूही शकतं."

"चूक नाही साहेब," मौनी म्हणाला. "आकडा थोडा कमीच धरलाय."

बाईंनी चष्मा काढला. "आरसा खाली कधी आला, मला कळलंही नाही. काय बघत होतात?"

"तुम्ही कशा हसता ते."

बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला.

"माझ्या गाडीत तुम्ही कधी हसला नाहीत, बाई. रडलात, ते मला समजायचं. रडणं माझ्या गाडीला आलं आणि हसणं तिला. म्हटलं, बघावं तरी."

बाई बराच वेळ पत्राची घडी घालत होत्या. मग म्हणाल्या, "घरी नोकरमाणसं, इथे तुम्ही सगळे. रडायला मला तेवढी एकच जागा होती. तुम्ही बघत नव्हतात म्हणून होती."

"आजपासून परत आरसा वर करतो."

"आरसा वर होईल हो. पण मागे बसले की तुमचे डोळे आठवतील मला." त्यांचा आवाज जराही चढला नाही, चढला असता तर बरं वाटलं असतं. "मालाची व्हॅन घ्या तुम्ही. पगार तोच राहील. रागावले नाहीये मी."

"रागावला असतात तरी चाललं असतं," मौनी म्हणाला. त्याने गाडीची किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली, नंतर उचलून माझ्या हातात दिली, आणि गेला.

बाईंच्या गाडीवर नवा माणूस आला. तीस वर्षं बस चालवलेला, कुणाशी देणंघेणं नसलेला. मौनी व्हॅन घेऊन खोकी पोचवत फिरू लागला. गाडी फाटकातून आत येताना दिसली की तो व्हॅनच्या पलीकडच्या बाजूला जाऊन टायर तपासायचा. त्या महिन्यात इतक्या वेळा टायर तपासलेली दुसरी व्हॅन जगात नसेल.

महिना संपला तसा तो पोचपावत्या द्यायला माझ्याकडे आला. पावत्या देऊन झाल्या तरी हलेना.

"त्या नव्या माणसाचा महिन्याचा अहवाल आला असेल."

"आलाय."

"किती?"

खरं तर सांगायला नको होतं. पण आकडा विचारल्यावर न सांगणं मला जमत नाही. "शून्य."

तो समोरच्या खुर्चीत बसला. मला वाटलं, हे त्याला लागणार. बावीस वर्षांची त्याची कमाई दुसऱ्या कुणी एका महिन्यात करून दाखवली होती.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

मौनीने माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून रिकामा केला. मग त्याचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला, रजेवरून आल्या दिवशी फुलला होता त्याहून जास्त.

"म्हणजे बाई आता हसत नाहीत तिच्याशी," तो म्हणाला. "हसल्या असत्या तर माणूस एकदा तरी बघतोच."

आणि शीळ घालत तो व्हॅनकडे गेला.

माझी खिडकी फाटकावर उघडते. त्याच दिवशी सकाळी बाईंची गाडी काच खाली करून आत आली, तेव्हा गाडी काहीतरी म्हणाली आणि बाई इतक्या मोठ्याने हसल्या की पहारेकऱ्यानेही मान वळवून पाहिलं. नवा माणूस समोर बघत बसला होता. मौनीला मी यातलं काही सांगितलं नाही.