माळावरच्या गारगोटीतलं सोनं

माझा स्वभाव संशयी आहे, हे घरातले सगळे सांगतात आणि मी कधी नाकारलेलं नाही. भाजीवाल्याच्या काट्याखाली मी वाकून बघते. कुणी फार गोड बोलायला लागलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. पण हा संशय काही मी माहेरून आणलेला नाही, तो मला नोकरीनं दिला. तरुणपणी काही वर्षं मी कर्नाटकात सोन्याच्या शोधाच्या कामावर होते. जुन्या हिरवट खडकातून पांढऱ्या गारगोटीच्या शिरा जातात, त्या कुठून कुठं जातात ते बघत हिंडायचं, आडवे चर खणायचे, शिरेचे तुकडे काढून पिशव्यांत भरायचे आणि पिशव्यांना सील लावायचं. त्या कामावर अंगठी चालत नसे, साखळी चालत नसे. मी मंगळसूत्र तंबूत काढून ठेवत असे आणि सासूबाईंना ते कधीच कळू दिलं नाही. कारण हातातल्या सोन्याचा एवढासा कण नमुन्यात गेला तरी पुढचं सगळं गणित फसतं. कधी तो चुकून जातो. कधी कुणी मुद्दाम घालतो, कारण नुसत्या माळरानापेक्षा सोन्याच्या माळरानाला गिऱ्हाईक बरं मिळतं.

आता मी छत्रपती संभाजीनगरात सिडकोत राहते आणि शेतकऱ्यांना बोअरची जागा दाखवते. इथं सोन्याचा प्रश्नच येत नाही. वेरूळची लेणी ज्यात कोरली तोच काळा पाषाण चहूकडं पसरलेला. त्याच्या भेगांत आणि पोकळ्यांत गारगोटी सापडते, स्फटिक सापडतात, दिसायला लई देखणे, पण सोनं नाही. तरी लोक चमकणारे दगड रुमालात बांधून आणतात आणि मी नाही म्हटलं की माझ्याकडंच संशयानं बघतात.

दसऱ्याच्या आसपास धाकट्या मामेभावानं फोनवर एक फोटो पाठवला. पांढरी गारगोटी आणि तिच्यावर पिवळ्या रेघा. खाली लिहिलं होतं, ताई, सराफ्यात दाखवलं, सोनारानं तेजाब लावला, पिवळं गेलं नाही. सोनंच आहे.

मामाचं गाव फुलंब्रीजवळ. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मामी आणि दोन मुलं. थोरला शेती बघतो, धाकटा वाळूजला कंपनीत जातो. घरामागं त्यांचा एक खडकाळ माळ आहे. त्यावर ज्वारीसुद्धा धड येत नाही, पण मामीनं तिथं सीताफळं लावली आहेत. खड्डे तिनंच घेतले, पहिली दोन-तीन वर्षं डोक्यावरून पाणीही तिनंच वाहिलं. हंगामात ती सकाळी टोपली घेऊन माळावर जाते आणि दुपारी फाट्यावर बसून फळं विकते. हंगाम नसला तरी जातेच. हा माळ खडी क्रशरवाल्याला विकायचं भावांनी ठरवलं होतं. सातबाऱ्यावर मामीचं नाव, त्यामुळं तिची सही लागणार होती. पण क्रशरवाल्यानं रस्त्यासाठी जेसीबी लावला, कापात पांढरी शीर उघडी पडली, आणि चार दिवसांनी थोरल्याला मातीच्या ढिगावर हा दगड सापडला. सौदा थांबला. मी काय सांगते त्यावर तो पुढं जायचा की नाही हे ठरणार होतं.

फोटो बघितला तेव्हाच मला खात्री होती की कुणीतरी लबाडी केली आहे. प्रश्न एवढाच होता की कुणी. थोरल्याला दगड सापडला, तोही नेमका सौद्याच्या तोंडावर. भाव वाढवून घ्यायला याहून सोपी युक्ती कुठली? धाकटा तो दगड दोन दिवस खिशात घालून शहरात फिरत होता आणि त्याच्या बोटात जाडजूड अंगठी आहे, हे मला त्याच्या लग्नापासून माहीत होतं. शिवाय एक दलाल होता, जो दुसरं मोठं गिऱ्हाईक आणतो म्हणून रोज फोन करत होता. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. इतक्या वर्षांनी माझ्या जुन्या विद्येला काम मिळालं होतं.

रविवारी गेले. दगड देवघरात ठेवलेला, वर हळदकुंकू वाहिलेलं. आधी तो धुऊन ठेवा म्हटलं आणि माळावर निघाले. दोघं भाऊ बरोबर आले, पण एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला मला बाजूला घेऊन सांगून गेला की सराफ्यात धाकट्यानं दगड बदलला असणार. थोड्या वेळानं धाकट्यानंही गाठलं आणि म्हणाला की दादालाच बरा सापडला, आम्ही एवढे लोक त्या ढिगावरून गेलो तेव्हा नाही दिसला. मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि दोघांच्याही बोटांकडं नीट बघितलं.

शीर खरी होती. कापाच्या भिंतीत हाताएवढ्या रुंदीची पांढरी पट्टी तिरपी खाली उतरत होती. मी तिची दिशा घेतली, कडा खरवडल्या, वरून, मधून, खालून तुकडे काढले आणि भिंगाखाली धरले. सोन्याच्या शिरेला कडेनं तांबूस गंज असतो, शेजारचा खडक कुजलेला, रंग बदललेला असतो. इथं काळा पाषाण करकरीत होता. भेग पडली, तिच्यात पाणी मुरलं, गारगोटी साचली, बस.

मामी जवळच्या झाडांची फळं उतरवत होती. ज्या फळाचे डोळे उघडले तेच ती तोडत होती, बाकीच्यांना नुसता हात लावून सोडून देत होती. भाऊ पुढं गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"सोनं निघालं तर खडीवाला येत नाय ना, माय?" तिनं विचारलं.

"खडीवाला नाही येणार," मी म्हणाले. "पण मामी, सोनं निघालं तर याच्याहून मोठा खड्डा पाडतील. अख्खा माळ जाईल."

माझा आवाज वर्गात शिकवत असल्यासारखा झाला होता. मामीनं हातातलं फळ टोपलीत ठेवलं आणि टोपली उचलून घराकडं गेली, अर्ध्या झाडांची फळं तशीच ठेवून.

घरी ओसरीवर बसून मी तो दगड भिंगाखाली घेतला. सोनं होतं, सोनार खोटं बोलला नव्हता. पण ते सगळं दगडाच्या उंचवट्यांवर होतं. खाचा पांढऱ्याशुभ्र. आणि रेघा सगळ्या एकाच दिशेनं, मागं-पुढं. मी हातोडीनं दगड फोडला तेव्हा थोरल्याच्या तोंडून आवाज निघाला. आत काही नव्हतं. मी दोघांना अर्धा अर्धा तुकडा दिला आणि सांगितलं की हे सोनं दगडातलं नाही, कुणीतरी दागिना यावर घासला आहे. माळात सोनं नाही.

आता चोर आपोआप तोंड उघडेल असा माझा अंदाज होता. झालं भलतंच. थोरला धाकट्याची अंगठी बघू म्हणाला, धाकट्यानं त्याच्या गळ्यातल्या साखळीचा विषय काढला. मग बापाच्या आजारपणात कोण किती जागलं ते निघालं, बैल कुणी विकला ते निघालं. धाकटा उठून उभा राहिला आणि वाटणी करून टाकू म्हणाला. मला भीती वाटायला लागली. दगड फोडणं सोपं होतं, पण हे घर माझ्या हातून फुटत होतं.

मामी चहा घेऊन बाहेर आली. माझ्या हातात कप दिला, दोघांचे कप खाली ठेवले.

"त्याला सोड," ती थोरल्याला म्हणाली. "मी घासलं."

तिनं उजवा हात पुढं केला. मनगटात एकच पाटली, आणि तिची कड एका अंगानं पार चपटी झालेली.

थोरल्यानं त्या चपट्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "इकायचं नव्हतं तर सांगायचं ना, आई."

"इचारलं व्हतं का कुणी?" मामी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "खडीवाल्याला इचारलं, दलालाला इचारलं, दगडासाठी हिला शहरातून बोलावलं. मला नुसतं सहीला चल म्हणला. पोराला नाय कसं म्हणावं, मला जमलं नाय. म्हणलं दगडच सांगंल. आता ही म्हणती, सोनं निघालं तरी माळ जातोच."

मी कप खाली ठेवला. सकाळपासून मी त्या घरातल्या बोटांवर, गळ्यांवर नजर ठेवून होते. न पाहिलेल्या दलालावरसुद्धा मी संशय घेतला होता. मामीच्या हातून मी आल्या आल्या पाणी घेतलं, आत्ता चहा घेतला, आणि ती पाटली माझ्या डोळ्यांसमोरून दोनदा गेली होती. संशय घेण्यापुरतंसुद्धा मी तिला मोजलं नव्हतं. याची मला लाज वाटली, अजून वाटते.

धाकटा खाली बसला. दगडाचा तुकडा त्यानं हळूच ओसरीच्या कडेला ठेवला. तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. क्रशरवाला होता, ताईंनी काय सांगितलं ते विचारायला. थोरल्यानं सवयीनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मग त्यानं फोनवर हात ठेवला आणि आईकडं वळला.

"काय सांगू त्याला?"

मामीनं पदराला हात पुसले. "नाय म्हण," ती म्हणाली.