पाटीकाकांची हजेरी

माझे थोरले काका सुतार होते, आणि आमच्या गावच्या चर्चमध्ये त्यांच्याकडे एकच काम होतं. दर शनिवारी संध्याकाळी गीतांच्या नंबरांची पाटी लावायची. पाटी त्यांनीच एका मोडक्या बाकाच्या लाकडातून बनवली होती. तिला तीन खाचा होत्या आणि आकड्यांच्या चौकोनी चकत्या होत्या. पाळकांनी सांगितलेले नंबर खाचांत बसवायचे, म्हणजे रविवारी लोकांना पुस्तकात कुठलं गीत काढायचं ते कळतं. काम तीन मिनिटांचं, काका त्याला पाऊण तास लावत. एक चकती बसवायची, मागच्या दारापर्यंत जाऊन बघायची, परत येऊन केसभर सरकवायची. मुलं त्यांना पाटीकाका म्हणायला लागली, मग मोठीही म्हणायला लागली, आणि काका त्या नावाला ओ देऊ लागले.

तेव्हा आमच्या रस्त्यावर आठ किलोमीटरच्या आत दोन चर्च होती, वरच्या गावाचं आणि खालच्या गावाचं. दोन्हीकडे एकाच देवाची उपासना चाले, पण हे दोन्हीकडच्यांना मान्य नव्हतं. आजोबांच्या पिढीत काहीतरी बिनसलं होतं. काय ते कुणालाच आठवत नव्हतं, पण म्हणून कुणी ते सोडून द्यायला तयार नव्हतं. आमच्याकडे गीतांचं तपकिरी पुस्तक होतं, त्यांच्याकडे निळं. आम्ही लहानपणी निळं पुस्तक हातात धरायलाही घाबरायचो.

पुढे तरुण मंडळी कामासाठी शहरात गेली आणि दोन्हीकडे माणसांपेक्षा बाक जास्त झाले. वरिष्ठ कचेरीतून पत्र आलं, दोन्ही मंडळ्या एक करा. इमारत आमची ठरली, कारण आमचं छप्पर गळत नव्हतं. एवढ्यावरून आमच्या लोकांनी आपली शिकवणही खरी होती असा अर्थ काढला. त्यांचं चर्च विकलं गेलं आणि तिथे गाद्यांचं दुकान निघालं. तिथली माणसं आधीपासून उपासनेत डुलक्या घ्यायची, आता निदान सोय झाली, असं काका म्हणाले. विनोद त्यांनी जन्मात तेवढाच एक केला, त्यामुळे आम्हाला तो पुढे वीस वर्षं ऐकावा लागला.

पहिल्या एकत्र रविवारी काकांनी पाटीवर एकशेबारा लावला. आमच्या तपकिरी पुस्तकात एकशेबारा म्हणजे सकाळचं गीत, नवा दिवस दिल्याबद्दल देवाचे आभार, कडवी सात. खालच्या गावच्या निळ्या पुस्तकात एकशेबारा म्हणजे माणसाला मातीत ठेवताना म्हणायचं गीत, कडवी चार. दोन पुस्तकांचे नंबर वेगळे असतील हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण दुसरं पुस्तक त्यांच्या हिशेबी पुस्तकच नव्हतं.

पेटी वाजवायला कुणी नव्हतं. पाळकांनी हात वर केला आणि अर्ध्या चर्चने सूर्य उगवला असं म्हणायला सुरुवात केली, अर्ध्या चर्चने मावळला असं. पहिल्याच ओळीला चूक सगळ्यांच्या लक्षात आली. थांबलं कुणीच नाही, कारण जो थांबेल तो हरला. खालच्या गावची प्राथमिक शाळेतली बाई पुढच्या बाकावर होती. चाळीस पोरं गप्प करायची सवय असलेला तो आवाज. त्यांची चार कडवी आधी संपली, तेव्हा तिने श्वास घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. पाळक खुर्चीत बसून राहिले. त्यानंतर तीस वर्षांत एकशेबारा कुणी सुचवलाही नाही.

काकांनी त्या आठवड्यात पाटीला दुसरा रकाना जोडला. डावीकडे तपकिरीचे नंबर, उजवीकडे निळ्याचे. बाई पाटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली की उजवीकडचे आकडे लहान आहेत. काका म्हणाले नाहीत. तिने पिशवीतून पट्टी काढली. एका सुताच्या फरकाने लहान होते. काकांनी उजवीकडचे सगळे आकडे नव्याने केले, आणि त्या दिवसापासून ती त्यांना मिस्त्री म्हणायची आणि ते तिला बाई म्हणायचे, याच्या पलीकडे दोघांत बोलणं झाल्याचं मी ऐकलं नाही.

मग जे व्हायचं ते होत गेलं. पाळक दर रविवारी यायचे ते पंधरवड्याने यायला लागले, मग महिन्याने. जी म्हातारी माणसं जात, त्यांना चर्चच्या मागच्या आवारात ठेवत. वरची खालची आता एकाच आवारात, एकाच रांगेत. बाईची आई तिथेच गेली, माझी काकूही. काकूच्या शेजारची जागा काकांनी मोजून घेतली आणि तिथे एक लाकडी खुंटी ठोकली. खुंटीला दरवर्षी रंग द्यायचे. काकू शेवटच्या दिवसांत एकटीला तिकडे भीती वाटेल म्हणाली होती, आणि मी येतोच आहे असं काकांनी तिला सांगितलं होतं. त्यांना आयुष्यात पुढे हवं असं एवढंच उरलं होतं.

काकू गेल्यावर दोन वर्षांनी कचेरीचं दुसरं पत्र आलं. आमची मंडळी शहराच्या मंडळीत सामील. मात्र वर्षातून एक उपासना गावात झाली आणि तिला नोंदवहीतले निदान तीन सभासद हजर राहिले, तर त्या वर्षापुरती मंडळी चालू धरली जाईल. नाही झाली तर मंडळी बंद, आणि मंडळी बंद म्हणजे आवारात दफनही बंद. पुढे ज्याला जायचं त्याने शहरातल्या दफनभूमीत जावं.

नोंदवहीत तेव्हा तीनच नावं उरली होती. काका, बाई आणि दुधाचा टेम्पो चालवणारा एक जण. टेम्पोवाला पहाटे तीनला उठायचा, त्यामुळे उपासनेला यायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा. नियमात हजर राहा म्हटलं होतं, जागे राहा म्हटलं नव्हतं. माझं नाव लग्नानंतर शहराच्या वहीत गेलं होतं. ते परत आणायला अर्ज, शिफारस आणि कमिटीची बैठक लागते. दरवर्षी मी करते म्हणायचे आणि दरवर्षी राहून जायचं, आणि सहाव्या वर्षी तशी नावं परत घ्यायची मुदतच संपली. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

अशा सहा उपासना झाल्या. शहरातून तरुण पाळक स्कूटरवर यायचे. काका आठवडाभर आधीपासून पाटीशी झटायचे. दोन्ही रकाने भरायचे, कारण डावा स्वतःसाठी आणि उजवा बाईसाठी. टेम्पोवाल्याकडे पुस्तकच नव्हतं. बाई दोन गावं ओलांडून चालत यायची, पाटीकडे बघायची आणि उजवीकडचा शेवटचा आकडा तिरका आहे म्हणायची. काका उठून सरळ करायचे. तो आकडा ते मुद्दाम तिरका ठेवत असावेत असा मला दाट संशय आहे.

सातव्या वर्षी उपासना रविवारी ठरली होती. काका बुधवारी गेले, दुपारी, रंधा हातात असताना. रडायला बसले तर आधी खुंटी डोळ्यांपुढे आली.

पाळकांना फोन केला. दफनाचा विधी उपासनाच धरता येतो, असं ते म्हणाले. उद्या येतो. पण सभासद दोनच उरलेत, आणि तीन झाल्याशिवाय आवारात ठेवायला मी परवानगी देऊ शकत नाही. त्यांचा आवाज खरंच पडला होता. शहरातली जागा बघून ठेवतो, म्हणाले.

गुरुवारी चर्च उघडलं तर बाई आधीच आत होती. स्टुलावर उभी राहून ती पाटी लावत होती, बहात्तराव्या वर्षी. उजवा रकाना रिकामा होता. डावीकडे एकशेबारा.

मी म्हटलं, बाई, हे सकाळचं गीत आहे. तिने मला पोरीसारखं गप्प केलं आणि मागच्या दारापर्यंत जाऊन पाटी बघून आली. मग परत येऊन शेवटचा आकडा केसभर सरकवला. विधी सुरू झाला तेव्हा तिच्या हातात पुस्तक नव्हतं. तीस वर्षांपूर्वी ज्याच्यावर आवाज चढवला होता, त्या गीताची सातही कडवी तिने पाठ म्हटली. टेम्पोवाला जागा होता.

शेवटी पाळकांनी नोंदवही उघडली. हजर सभासद, असा रकाना असतो. ते दोन लिहायला गेले, तेव्हा बाई उठली.

"तीन लिहा," ती म्हणाली.

"बाई, तिसरं कोण?"

"हे काय, पुढे आहेत. वेळेच्या आधी आलेत, नेहमीसारखे."

पाळकांनी शवपेटीकडे पाहिलं, मग बाईकडे. बाईने पिशवीतून, जिथून एकदा पट्टी निघाली होती तिथून, नियमांची पुस्तिका काढली आणि खूण घातलेलं पान त्यांच्यापुढे धरलं. दफनाची नोंद झाल्यावर सभासदाचे नाव वहीतून कमी करावे, असं तिथे छापलेलं होतं.

"दफन झालंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग नाव वहीत आहे का?"

"आहे."

"आणि माणूस समोर आहे."

पाळकांनी ते पान पुन्हा वाचलं. बाई उभीच होती, आणि ती उभी असताना कुठल्याही वर्गात कुणी वाद घातलेला नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढून हजर सभासद तीन असं लिहिलं, आणि खाली सही केली.

काकांना आम्ही काकूशेजारी ठेवलं. खड्डा घेण्याआधी खुंटी मी उपटली. खुंटीचा रंग ओला होता, माझ्या बोटांना लागला. पाळकांनी तिथेच उभं राहून दफनाची नोंद केली आणि नियमाप्रमाणे काकांचं नाव वहीतून कमी केलं. आता दोन नावं उरली. तीन पुन्हा कधी होणार नव्हते, म्हणजे शंभर वर्षांची मंडळी यंदाचं वर्ष सरलं की कायमची बंद. बाई आईच्या कबरीपाशी गेली आणि तिने वाळलेली पानं हाताने बाजूला केली. तिच्या आईशेजारीही एक जागा रिकामी होती. हे माझ्या लक्षात तेव्हा आलं.

"बाई, आणि तुमचं काय?" मी विचारलं.

"मला शहरात चालेल," ती म्हणाली. "तिथे फरशी घातलीय. चपला भरत नाहीत."

मग तिने मला आत जाऊन पाटी उतरवायला सांगितलं, आणि डब्यातले आकडेही जपून ठेव म्हणाली, कारण उजवीकडचे तिच्यासाठी दुसऱ्यांदा केलेले होते.